मावशींचे तेल

आमच्या अलिबागकडे बेने इस्रायली लोकांना पूर्वी 'शनवार तेली' म्हणत. धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. आमच्या शेजारच्या मावशी त्यांतल्याच. माझ्या लहानपणी त्यांचा घाणा थांबलेला होता. परसात फणसाखाली उखळ आणि लाट तेवढी उभी होती. तरी दिवाळीच्या पणत्यांसाठी तिळाच्या तेलाची बाटली आमच्याकडे यायची ती मावशींकडूनच. तेल विकतचे का असेना, देण्याचा मान त्यांचा!

1990 साली मुलांच्या पाठोपाठ त्या इस्रायलला गेल्या. जाताना माझ्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, घर विकलं, पण घाणा नाही विकला. तो तुमच्या अंगणात राहू दे."

पुढे त्यांची पत्रे येत. शेवटची ओळ ठरलेली : घाणा बरा आहे ना? मी मॅट्रिक झालेली बालवाडीची शिक्षिका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी. खोटे लिहिण्याचा सराव होताच. 'बरा आहे,' असे मी वीस वर्षे कळवीत राहिले.

2018 च्या दिवाळीत त्यांच्या मुलीने तिकीट पाठवून मला बोलावून घेतले. चार पणत्या साडीत गुंडाळून मी नेल्या. तीन धड पोचल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 7 नोव्हेंबरला, मावशी म्हणाल्या, "चल बाय, तेल आणायला जाऊ."

लोदहून गाडी उत्तरेला निघाली आणि गॅलिलीच्या डोंगरपायथ्याशी रामा नावाच्या अरब गावात थांबली. हे गाव ऑलिव्हच्या तेलासाठी नावाजलेले. आपण ज्याला जैतून म्हणतो, तेच हे झाड. खोडे पोकळ, पिळवटलेली. पाने वरून हिरवी, खालून रुपेरी. या बागांना पाणी द्यायचे नाही, पावसावरच त्या जगतात. आंब्यासारखेच एक वर्ष भरघोस, दुसरे रिकामे. आणि फळ कच्चे खावे तर कडू विष!

पहिला पाऊस पडून पानांवरची धूळ धुतली गेली, की काढणी. सारे घर रानात आलेले. झाडाखाली ताडपत्री अंथरलेली, पोरे फांद्यांवर, पुरुष काठीने हलकेच झोडताहेत, बायका पाला वेगळा करताहेत. आपल्या भातझोडणीचीच आठवण झाली. एका पोराने झोडून झालेल्या झाडावर पुन्हा काठी उगारली, तशी मावशी हिब्रूत काहीतरी ओरडल्या. मला म्हणाल्या, "एकदा झोडलेलं झाड पुन्हा झोडायचं नसतं. आमच्या धर्मग्रंथातच आहे. उरलेलं गरीबगुरिबांचं."

पाच-सहा किलो फळांतून लिटरभर तेल निघते. आता ते यंत्रावर काढतात. पण म्हाताऱ्या मालकाच्या अंगणात जुने दगडी जाते होते. जनावर त्याभोवती फिरे. रगडा गोल चटयांत भरून चटया एकावर एक रचीत आणि वरून दाबीत. उरलेला चोथा चुलीत जाई. आपल्याकडे पेंड गुरांना जाते, एवढाच फरक. त्या जात्यावर दोन नातवंडे पाय हलवीत बसली होती.

मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या घाण्यावर पण पोरं बसत असतील, नाही गो?"

मला पुढे खोटे बोलवेना.

"मावशी, घाणा नाही. दादा आजारी होते. 98 साली विकला. समुद्राकाठच्या एका हॉटेलवाल्यानं बागेत शोभेला ठेवलाय."

त्यांनी ताडपत्रीवरची मूठभर फळे उचलली आणि एकेक पान वेचून टाकू लागल्या. मूठ संपली.

"कितीला?"

"साडेतीन हजारांना."

"दादा वाचले?"

"दोन वर्षं काढली."

"दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत," त्या म्हणाल्या. डोळे मात्र भरले होते. "मला कळवायचंस. मी काय नको म्हटलं असतं?"

मी पुन्हा माफी मागू लागले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "एकदा झोडलंस ना? झालं."

त्या रात्री लोदच्या घरात मावशींनी स्वतः वात वळली. नवे तेल हिरवट, गढूळसर. पण ज्योत सरळ उभी राहिली.

"तिळाच्या तेलासारखाच जळतो ना गो दिवा?" त्यांनी विचारले.

"तसाच," मी म्हणाले. या वेळी खरे तेच सांगितले.