झेडबीवाले अंकल स्क्रिम



न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या न्यूजटॉक झेडबी या रेडिओ केंद्राच्या नावातली ‘झेडबी’ ही दोन अक्षरे ‘वन झेडबी’ या जुन्या आकाशवाणी केंद्राची. ते केंद्र घरोघरी पोचवले कॉलिन स्क्रिमजोर या मेथडिस्ट पाळकाने. त्यांचा जन्म १९०३चा, गाव वायरोआ. पुढे ते ऑकलंडच्या शहर मिशनचे काम पाहू लागले. मंदीचा काळ होता. बेकारांच्या रांगा रोज डोळ्यांसमोर असल्यावर प्रवचन नुसत्या परलोकाचे राहत नाही. स्क्रिमजोरांचेही राहिले नाही.

त्यांनी आणि टॉम गार्लंड यांनी रेडिओवर ‘फ्रेंडली रोड’ नावाचे चर्च चालवले. त्याला पंथाची अट नव्हती. श्रोत्यांसाठी स्क्रिमजोर ‘अंकल स्क्रिम’ झाले. वन झेडबीसारख्या खासगी केंद्रांना तेव्हा जाहिराती घेण्याची मुभा नव्हती आणि वादग्रस्त विषयांनाही मज्जाव होता. पण भुकेवर बोलायचे आणि राजकारण टाळायचे, हे जमायचे कसे?

२४ नोव्हेंबर १९३५, रविवारची रात्र. बुधवारी मतदान. अंकल स्क्रिम लेबर पक्षाला मत द्या म्हणून सांगणार, अशी हवा होती. लोक संचाभोवती जमले, आणि ऐन भाषणाच्या वेळी आवाजाऐवजी घरघर सुरू झाली. हा अडथळा टपाल-तार खात्याच्याच माणसांनी आणला होता. लेबरने ८०पैकी ५३ जागा जिंकल्या. त्या घरघरीविना निकाल फिरला असता असे मुळीच नाही. पण एका पाळकाच्या शब्दाला सरकार किती भिते, हे तिने देशभर जाहीर केले.

नवे पंतप्रधान मायकेल सॅव्हेज हे स्क्रिमजोरांचे स्नेही. १९३६मध्ये सरकारने वन झेडबी विकत घेतले आणि ज्याचा आवाज दाबला गेला होता, त्याच माणसाला व्यापारी नभोवाणीचे प्रमुख केले. वेलिंग्टन, क्राइस्टचर्च, डुनेडिन इथेही झेडबी केंद्रे निघाली. जाहिराती आता रीतसर वाजू लागल्या. गरिबांच्या पाळकाने जाहिरातींचा कारभार पाहावा, हे थोडे विचित्रच. पण तो त्यांनी झपाट्याने उभा केला.

१९४०मध्ये सॅव्हेज वारले. त्यांच्यामागून आलेल्या पीटर फ्रेझर यांच्याशी स्क्रिमजोरांचे जमले नाही. १९४३मध्ये त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी ते वेलिंग्टन सेंट्रलमधून अपक्ष म्हणून थेट पंतप्रधानांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. नंतर ते ऑस्ट्रेलियात गेले. १९८७मध्ये त्यांचे निधन झाले.

तुझी,
मावशी