चकली आणि काडतूस

मुलीकडे विस्कॉन्सिनला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी सौ.नं बातमी आणली, "अहो, शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी गॅरेजात बसून दारू मोजतात म्हणे!" पिणारे पुष्कळ पाहिले होते. मोजणारा पाहावा म्हणून गेलो.

दारू होती, पण बंदुकीची. म्हातारा (माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण म्हातारा नेहमी दुसराच असतो) रायफलीची काडतुसं घरी भरत होता. उडालेल्या काडतुसाची पितळी नळी फेकायची नाही. जुनी टिकली काढायची, नळी साच्यात दाबून मापात आणायची, मान लांबली असेल तर कातरायची, मग नवी टिकली, मोजून दारू आणि वर गोळी. वजन ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या जवळपास निम्मा! आमच्या सोनारानं असा काटा धरला असता, तर सौ.च्या पाटल्या पाव तोळ्यानं तरी वाढल्या असत्या.

अडचण अशी की, शंभर यार्डांवर पूर्वी इंचभर जागेत बसणाऱ्या त्याच्या तीन गोळ्या आता चार इंच पसरत होत्या. आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम.

"हरीण काही चार इंचांचं नसतं," मी धीर दिला.

"साफ चुकलं तर बरं," तो म्हणाला. "पण पोटात गोळी घेऊन ते रात्रभर रानात फिरतं."

मी गप्प बसलो.

आमच्याकडे चकली बिघडली की आई म्हणे मोहन जास्त झालं, काकू म्हणे पाणी गार होतं, आत्या म्हणे भाजणीच कच्ची. तिघी एकदम तिन्ही गोष्टी बदलत आणि चकली का सुधारली (किंवा नाही) हे गूढच राही. हा गडी एका वेळी एकच गोष्ट बदलायचा आणि वहीत लिहायचा. नळ्या सगळ्या एका लांबीच्या केल्या. चार इंच. गोळी किंचित खोल बसवली. चार इंच. दुर्बिणीचे स्क्रू तपासले, घट्ट. कारखान्याची विकत आणलेली काडतुसं लावली. तरी चार इंच! म्हणजे दारू निर्दोष सुटली.

शेवटी त्याच्या बायकोनं त्याला न सांगता एक खोटं काडतूस भरलं. आत ना दारू, ना टिकली. त्यानं चाप ओढला. 'टक्' एवढाच आवाज. पण नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं. बार व्हायच्या आधीच खांदा दचकत होता.

कोणी काही बोललं नाही. त्यानं वही काढली, एक ओळ लिहिली आणि मिटली.

पुढे रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणं ठेवून तो चाप ओढे. नाणं पडे. उचलून पुन्हा ठेवे. इंचभरात आलो नाही तर यंदा रानात जायचं नाही, असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

त्या दिवाळीत मुलीच्या स्वयंपाकघरात सौ.नं सोऱ्या हातात घेतला. पहिला घाणा तुटला, दुसराही. "इथली भाजणीच मेली बरोबर नाही," ती म्हणाली.

मी सोऱ्या फिरवणाऱ्या तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो, भाजणीच."