सातपुड्याची मांडी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या मोलगीच्या आठवडे बाजारात आमचूरच्या ढिगामागे उकिडवी बसलेली बाई उठताना एकदा नीट बघा. हात जमिनीला टेकत नाही, गुडघ्यावर येत नाही, तोंडातून ‘आई गं’ निघत नाही. गिऱ्हाईक आलं की उठली, पाटी सरकवली, परत बसली. हंगामात दिवसभर हेच. सगळा भार मांडीवर, आणि नाव मात्र आमचूरचं होतं.

शरीरातलं हे सगळ्यांत दणकट आणि सगळ्यांत दुर्लक्षित पात्र. दंडाला बेटकुळी दाखवायची हौस असते, छातीला पुढे यायची. मांडीला मिरवणं ठाऊकच नाही. देवगोईच्या घाटातून जीप वर आली तरी पाड्यापर्यंतची चढण बऱ्याचदा पायीच. हंडा डोक्यावर, पोर कमरेवर, दोघांचं वजन शेवटी हिच्याकडे. तिचा थाट वर्षातून एकदाच, होळीला. काठी गावच्या राजवाडी होळीत अंगावर ठिपके रंगवलेले, कमरेला घुंगरं बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात, तेव्हा बघणाऱ्याचे डोळे मोरपिसांच्या टोपावर आणि खरा नाच मांडीत.

स्वभावाने ती खादाड, पण फुकटखाऊ नव्हे. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि स्नायूंच्या कुटुंबात थोरली हीच. घेतलेली साखर ती ग्लायकोजेनच्या रूपात कणगीत भरते. सगळ्या स्नायूंची मिळून ही कणगी साधारण ४०० ग्रॅमची, यकृताची १०० ग्रॅमच्या आसपास. यकृत अडीअडचणीला रक्ताला साखर परत देतं. मांडी देत नाही, कारण त्यासाठी लागणारं विकरच तिच्याजवळ नाही. घेतलं ते स्वतः राबून संपवायचं, हा तिचा बाणा. पण बसून राहिली तर कणगी भरलेलीच राहते, स्नायूत चरबीही साठू लागते, आणि मग इन्सुलिनने कितीही दार ठोठावलं तरी ती धड उघडत नाही. साखर बाहेर रक्तात हिंडत राहते. राबत्या मांडीची गंमत वेगळी. काम चालू असताना ती इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढून घेते. चढणीवरच्या पावलांना ही सवलत निसर्गानेच दिलेली आहे.

मग सातपुड्यातल्या काटक माणसाला मधुमेहाचं भय कशाला? इथेच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांनी गर्भवती आणि त्यांची बाळं पाहिली. विलायती बाळांच्या तुलनेत ही बाळं बरीच हलकी भरली. पण तूट पडली होती ती मुख्यतः स्नायूंत. चरबी फारशी घटलेली नव्हती. नंदुरबारचं कुपोषण तर महाराष्ट्राचं जुनं दुखणं. म्हणजे इथल्या कित्येक मांड्या आयुष्याला सुरुवातच अपुऱ्या भांडवलावर करतात. कष्टाने ते भांडवल वाढतं, टिकतं. कष्ट सुटले की उघडं पडतं.

कष्ट सुटू नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. डोक्यावरचा हंडा उतरलाच पाहिजे, पाड्यावर नळ यायलाच हवा. पायपिटीचं कौतुक जीपमधून जाणाऱ्यांनी करू नये. पण दाराशी मोटारसायकल आली, भगर-ज्वारीच्या जागी ताटात नुसता भात आला, की मांडीचं काम घटतं आणि साखरेची आवक वाढते, हा हिशेब तरी कुणी घरी समजावून सांगावा. किडकिडीत माणसाला साखर होत नाही, हा समज तर आधी टाकून द्यावा.

चाळिशीनंतर मांडी मुकाट्याने झिजते आणि आकारापेक्षा ताकद आधी जाते. मधुमेह झालाच, तर तो तिला आणखी पोखरतो. दोघांचं वैर दोन्ही बाजूंनी चालतं. औषध तिला एकच लागू पडतं, ओझं. व्यायामशाळा मोलगीत नसली म्हणून अडत नाही. उठाबशांना भाडं पडत नाही. सोबत डाळ, अंडं, मासळी, जे परवडेल ते ताटात हवं. ज्यांच्या घरी तेही जमत नाही, त्यांना उठाबशा सांगण्याआधी धान्य पोचवावं.

आता तुमच्याकडे वळतो. हात छातीशी बांधा आणि खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये बारा सेकंदांची मर्यादा घातली आहे. तेवढे किंवा जास्त लागले, तर वजनकाटा काहीही म्हणो, डॉक्टरांना एकदा मांडीबद्दल विचारा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.