टिंबाचं प्रूफ

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं: वय झालं की डोळ्यातला द्रव आक्रसतो, त्यातल्या गुठळ्यांची सावली पडते, काळे ठिपके तरंगताना दिसतात. इलाज नाही, सवय होईल. मी स्वरलिपीची प्रुफं वाचतो. मला टिंबांची सवय लावायला निघालेत!

आता असा ठिपका डोक्यावर आला की मध्य षड्जसुद्धा मधूनच तार सप्तकात गेलेला दिसतो. नजर हलवायची. सरकलं ते माझ्या डोळ्यातलं, राहिलं ते छापलेलं. मात्रेमात्रेला हीच परीक्षा.

टिंबाशी वैर मात्र जुनं. देवनागरीत ते आधीच अनुस्वाराच्या मालकीचं. वरच्या ओळीत ‘सां’ म्हणजे तार षड्ज, खाली बोलांत तेच टिंब म्हणजे नाकातला उच्चार. शिशाच्या खिळ्यांत ते सगळ्यांत आधी झिजायचं आणि तान सात स्वर खाली कोसळायची. त्यात दरबारीचं पान. मंद्रातल्या कोमल धैवत-निषादाखाली आडवी रेघही हवी आणि टिंबही. रेघ जरा खाली आली की टिंब गिळलंच. संगणकावर सुटका होईल वाटलं होतं. तिथे अंडरलाइन नेमकी टिंबावरून जाते, आणि तार निषादाचं टिंब वेलांटीला चिकटतं. फॉन्ट बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं भातखंड्यांच्या स्वरलिपीतलं. पलुसकरांच्या लिपीत वरचं टिंब मंद्राचं आणि वरची उभी रेघ तार सप्तकाची. भातखंड्यांकडे तीच उभी रेघ मध्यमाला तीव्र करते. दोघंही मराठी, पण टिंबावर एकमत नाही. पलुसकरांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुस्तकांसाठी स्वतःचा छापखानाही घातला. मला त्यांच्या गाण्याइतकंच त्या छापखान्याचं कौतुक आहे. भातखंडे वकील, त्यांची सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका मूळ मराठीत. पण आमच्याकडच्या कित्येक क्लासांत ‘क्रमिक’ म्हणून हातात येते ती हाथरसची हिंदी प्रत. ती काढणारी संगीत कार्यालय ही संस्था प्रभुलाल गर्गांची, म्हणजे हास्यकवी काका हाथरसींची. ‘संगीत’ मासिक त्यांनी १९३५मध्ये सुरू केलं. व्रजभूमीतल्या एका विनोदी कवीला जे पेललं ते कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या काढणाऱ्या आमच्या प्रकाशकांना का पेललं नाही? उत्तर मला माहीत आहे: नोटेशनचं पान लावायला वेळ फार आणि गिऱ्हाईक थोडं.

आता तर जुन्या पुस्तकांचे स्कॅन मोबाइलवर फिरतात. पान स्वच्छ करणारी प्रणाली बारीक ठिपके धूळ समजून पुसते. मंद्र-तार सगळं मध्यात. पोरं तसंच उतरवून घेतात.

हल्ली मदतीला एक मुलगी येते. गाणं शिकलेली आहे. प्रूफ वाचत नाही, गाते. “काका, हे असं पटकन होतं,” म्हणते. होतं खरं. पण माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. तयार गळा टिंब नसलं तरी बरोबर जागी जातो. राग त्याला तिकडे ओढून नेतो. पानावर काय आहे ते दिसायला गाणं न येणारा माणूस लागतो. हा सिद्धांत मी आयुष्यभर ठणकावून सांगितला. भल्याभल्या गवयांना त्यांच्याच बंदिशींच्या प्रुफांवरून ऐकवला. त्यांनी माना डोलावल्या की अंगावर मूठभर मांस चढायचं.

मला गाणं आलं असतं तर हा सिद्धांत मांडला असता का? नसता. गळा नव्हता म्हणून डोळ्यांचा तोरा केला. आता डोळेच खोटी टिंबं दाखवतात, तरी तिने गाऊन तपासलेलं पान मी पुन्हा नजरेखालून घालतो. तिला वाटतं, काका काटेकोर आहेत. मी ते वाटू देतो.