पंधरा मिनिटे

बाबांच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, सुपारीएवढी चरबीची गाठ होती. मी ती लहानपणापासून पाहत आले. फवारणीच्या पंपाचा पट्टा नेमका तिच्यावर बसायचा. गेल्या श्रावणात ती फारच ठणकू लागली, तेव्हा कुठे बाबा खामगावला जायला तयार झाले. डॉक्टरांनी तेवढ्याच जागेला भूल देऊन गाठ काढली, पाच टाके घातले आणि हातात एक कागद दिला.

कागद इंग्रजीत. आमच्या घरात तो वाचू शकणारी मी एकटी. आणि इंग्रजीच्या पेपरात मला किती गुण पडतात हे आमच्या सरांना विचारावे! तरी शब्दकोश घेऊन बसले. दोन दिवस पट्टी भिजू द्यायची नाही. मग रोज साबणाने हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने जखम पुसायची, दिलेले मलम लावायचे, दुसरे काही नाही. लाली पसरली, पू झाला, ताप चढला तर लगेच दाखवायचे. बाराव्या दिवशी टाके काढेपर्यंत जड उचलायचे नाही. हे शेवटचे मी बाबांना दोनदा वाचून दाखवले. कपाशीची फवारणी तोंडावर आली होती.

आजीने हळदीचा डबा काढलाच होता. "त्या कागदाले काय कयते? तुया बापाच्या पायात कुऱ्हाड घुसली तवा म्या हयदच भरली होती."

चौथ्या दिवशी माझी नजर चुकवून बाबांनी भरलेला पंप पाठीला लावला. शेतापर्यंतही पोचले नाहीत. सदरा लाल करून परत आले. कागदावर याचीही सोय होती : स्वच्छ कापड पंधरा मिनिटे सारखे दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये.

बाबांच्या उघड्या पाठीला कळत्या वयात मी प्रथमच हात लावत होते. ते अवघडून बसले. घड्याळात दोनच मिनिटे झाली होती.

"आता पाह्य बरं."

"नाई."

काही बोलायचे म्हणून ते म्हणाले, "कालेजात काय शिकवतेत वं?" दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

मी वर्गात ऐकलेली हळदीची हकिकत सांगितली. हळदीने जखम भरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेख-ग्रंथ पुढे ठेवले, हे आमच्याकडे पूर्वापार आहे म्हणून सांगितले, आणि १९९७ साली ते रद्द झाले.

चुलीपासून आजी म्हणाली, "मंग मीच जितली ना!"

मी गप्प झाले. ठरले होते ते एवढेच, की ही माहिती नवी नाही. आमच्या डब्यातली हळद निर्जंतुक आहे असे कोणी म्हटले नव्हते. शिवाय पिवळ्या थराखाली लाली दिसणार कशी? पण हे आजीला कोणत्या तोंडाने सांगू? म्हटले, "आजी, बाबाले दुधात टाकून दे." तिने दूध ठेवले. डबा मात्र आपटून बंद केला.

रक्त थांबले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून आणले. फवारणीला मजूर लावला. त्याची मजुरी माझ्या पुस्तकांच्या पैशांतून गेली.

टाके निघून आता महिने झाले. व्रण बाबांना दिसत नाही. मी सुटीत घरी गेले की ते सदरा वर करून पाठमोरे बसतात. "पाह्य बरं, कसा हाय?"