गायीची साखर, बाबांची साखर

मंडळी, एक आकडा सांगतो. गायीच्या रक्तातली नॉर्मल साखर साधारण ४५ ते ७५ असते. आमच्या बाबांची ५० झाली की त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात आणि आई साखरेचा डबा घेऊन धावते. गाय मात्र ५० वर निवांत रवंथ करतेय!

आकारामुळे? थोडंसं. उमिंगर नावाच्या संशोधकाने १९७५ मध्येच लिहिलंय, की सस्तन प्राणी जितका मोठा तितकी साखर कमी. पण हा उतार अगदीच हलका. उंदराचं एक ग्रॅम शरीर आपल्या एका ग्रॅमच्या साधारण सातपट इंधन जाळतं, साखर मात्र फार तर दीड-दोन पट. मग भागतं कसं? त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके मारतं. पॅकेट जवळपास तेवढंच, बँडविड्थ वाढवलेली (धंद्यातली उपमा, चालवून घ्या).

आणि घोडा? वजनाला गायीसारखाच, साखर आपल्यासारखी! कारण गायीच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातली साखर आधीच फस्त करतात. तिला मिळतात आम्लं. तिचं बरंचसं शरीर त्यावरच चालतं, आणि लागेल तेवढी साखर यकृत त्यातूनच बनवतं. बाबांचा मेंदू मात्र वजनाने २ टक्के असून २० टक्के ऊर्जा खातो, तीही मुख्यतः साखरेतून.

हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे मी घोडा, असंच ना?" :) पण इतके दिवस नको म्हणत होते, त्या लिमलेटच्या गोळ्या आता खिशात असतात.