पलटणीचं सामान

हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावं. शिरड शहापूरच्या माणसाला त्यांचं नवल नाही, रिक्षावाल्याला सांगायला ती लागतात एवढंच. निजामाच्या मुलखात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथे होती. शिपाई देशी, वरचे अधिकारी इंग्रज, आणि या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात मुरवली गेली. वस्त्यांची नावं मागे राहिली. साहेबांच्या खुर्च्या-टेबलं मात्र उचलून न्यायच्याच हिशेबानं केलेली असत.

•

हल्ली मोठ्या शहरांतल्या दुकानांत ‘कॅम्पेन’ म्हणजे लष्करी मोहिमेच्या पद्धतीचं कपाट मिळतं. कोपऱ्यांना पितळी पत्रे, मुठी लाकडात आत बसवलेल्या. मुठी आत का, हे विकणाऱ्याला विचारून बघावं. सामान उंटा-खेचराच्या दोन अंगांना लादायचं तर बाहेर आलेली मूठ जनावराच्या कुशीत रुतते, नाहीतर शेजारच्या पेटीत अडकते. म्हणून मूठ आत. म्हणूनच कपाटाचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे, म्हणूनच पाय फिरवून काढता येणारे. पितळ कोपऱ्यांना, कारण आपटतं ते कोपऱ्यावरच. आता हेच दोन तुकडे कायमचे एकत्र ठोकून चौथ्या मजल्यावर चढवतात आणि लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून हमालाला जास्तीचे पैसे देतात.

•

रुडकी खुर्ची. रुडकीला बंगाल सॅपर्सचं ठाणं, त्या गावाच्या नावानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही खुर्ची ओळखली जाऊ लागली. खरादावर काढलेले चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या काठ्या, पाठीला दोन उभ्या. खिळा नाही, सरस नाही. आडव्या काठ्यांची टोकं निमुळती आणि पायातली भोकंही तशीच निमुळती. टोकं नुसती खुपसायची, बैठकीचं कापड बाजूच्या काठ्यांवरून घेऊन खालून बक्कल आवळायचं. माणूस बसला की कापड दोन्ही काठ्यांना आत ओढतं आणि सांधे आणखी घट्ट होतात. म्हणजे वजनदार माणसाला ही खुर्ची जास्त मानवते. ढेकळांच्या जमिनीवर सुताराची पक्की खुर्ची तीन पायांवर डुगडुगते. हिच्या सांध्यांत जरा खेळ असल्यामुळे चारही पाय आपापली जागा शोधतात. टेकून बसलं की पाठ मागे झुकते. सुटी केली की काखेत मारून चालायला लागायचं. डेन्मार्कच्या डिझायनर कारे क्लिंटनं १९३३ मध्ये हिच्यावरूनच आपली सफारी खुर्ची केली आणि नाव कमावलं. रुडकीला कोण विचारतो!

•

एवढा खटाटोप कशासाठी? साहेबाला जमिनीवर बसायचं नव्हतं, यासाठी. बाकी कारणं नंतरची. मराठ्यांच्या डेऱ्यात जाजम, गालिचा, गादी, लोड, तक्के असले की दरबार भरत असे आणि कूच करताना सगळं गुंडाळलं जात असे. त्याला बिजागरी लागत नव्हती.

तरी आपलंच गाणं गायला नको. ऐन-ए-अकबरीत बादशाही तळाच्या सामानासाठी १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या सांगितल्या आहेत. शिवाय तंबूंचे दोन संच. एकात बादशहा राहतो तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना. घडीचं सामान ज्याच्या मालकीचं, ते पाठीवर वाहणारा सहसा दुसराच असे.

•

जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वाड्यांची, किल्ल्यांची काही कमी नव्हती. तरी म्हातारपणी वॉल्मरच्या किल्ल्यात तो अरुंद लष्करी खाटेवरच झोपे. ती खाट तिथे अजून बघायला मिळते. सवय.

•

मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं दुकान १८९१ मध्ये निघालं. काळा घोड्याजवळ त्याची इमारत अजून आहे. तिकडे साहेब तंबूत मांडायचं सामान खरेदी करत होता आणि पुढे ३०-३५ वर्षांत त्याच शहरात बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्यांतून दिवसा बैठक, संध्याकाळी अभ्यास, रात्री झोप. लोखंडी कॉटखाली ट्रंका, पोटमाळ्यावर भांडी आणि पाहुणे, भिंतीला बिजागरीवर लटकणारी फळी. गिरणगावात तर पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूसही बदलायचा. जागा वाचवण्याचं शास्त्र शिकायचं तर मी या खोल्यांत शिकेन.

पलटणीला गाव बदलायचं असे, चाळकऱ्याला खोलीचा उपयोग बदलायचा असे. दोघांना एकच खुर्ची विकता येत नाही. दुकानदार विकतात.

•

सोफा-कम-बेड घेतलेल्या घरी रात्री मुक्काम पडला की बघावं. पहिल्या महिन्यात रोज उघडतो. मग टीपॉय सरकवायचा कंटाळा येतो, मग बिजागरी कुरकुरते आणि शेवटी पाहुण्याला खाली गादी घालून देतात. एक घडी घालायला दुसऱ्या चार वस्तू हलवाव्या लागत असतील तर ती वस्तू घडीची म्हणू नये.

•

गावाकडची बाज. चार पाय, चार दांड्या, सुंभ किंवा नवार. सकाळी भिंतीला उभी केली की खोली मोकळी. उन्हाळ्यात तीच माळवदावर चढते, तिच्यावर पापड-कुरडया वाळतात, आणि रस्ता नसलेल्या वस्तीवरून आजारी माणूसही तिच्यावरूनच दवाखान्यात आणला जायचा. जुन्या घरात भिंतीतच देवळी, दोन खुंट्यांवर दांडी, दांडीवर वाकळा, कोपऱ्यात उतरंड. जमीन मोकळी ठेवायची आणि भिंतीला कामाला लावायचं. शहरातला इंटीरियरवाला हेच सांगतो, पैसे घेऊन.

•

खरी पलटण आता पुण्यात आहे. भाडेकरार ११ महिन्यांचा. शिरड, औंढा, वसमतकडची पोरं हिंजवडी-वाकडच्या आसपास खोली घेतात, वर्षाच्या आत टेम्पो बोलावतात. त्यांचं टेबल भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं. स्क्रू पहिल्यांदा छान बसतो. खोलून पुन्हा पिळला की भुसा निसटतो आणि स्क्रू गरगर फिरतो. तिसऱ्या खोलीत टेबलाला सुतळी बांधलेली असते. रुडकीच्या सुतारानं लोखंड टाळलं, कारण सांधा रोज उघडायचा होता.

•

दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॉल्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॉलीत भांडी, पेटी, अंथरुणं, कोंबड्या, पोरं. फडाजवळ बांबू, चटई, पाचटाची कोपी. सहा महिने हेच घर. उचल घेतलेली असते, परत फिरता येत नाही. यांच्या सामानाकडे बघून कुणी डिझायनर कपाट काढत नाही, आणि काढलंच तर मला ते बघवणार नाही.

•

रुडकी खुर्ची करून बघायची असल्यास: पाय सागाचे किंवा बाभळीचे, चांगले वाळलेले. ओलं लाकूड नंतर आटतं आणि भोक अंडाकृती होतं. चामडं पावसाळ्यात बुरसटतं, त्यापेक्षा जाड कॅनव्हास बरा. ताडपत्री शिवणाऱ्याकडून दुहेरी टाके मारून घ्यावेत. टोकाचा उतार आणि भोकाचा उतार तंतोतंत जुळायला हवा, त्यासाठी लागणारं निमुळतं पातं सुताराकडे नसतं. लोहाराकडून करून घ्यावं लागेल. आधी एक पाय करावा आणि जमला तरच उरलेले तीन.